वाटणीला आलेली खुर्ची

राठोड बाई कोणालाही रागावत नसत. त्या कौतुक करत. बोरी अरबच्या आमच्या शाळेत जी पोरं छडीला भीक घालत नसत, ती बाईंच्या कौतुकाला टरकून असत. एखाद्यानं गिचमिड अक्षरात निबंध लिहून आणला, की बाई वही आधी लांब धरत, मग जवळ धरत आणि म्हणत, "वा रे बाप्पा. तू डॉक्टर होशीन. आतापासूनच कोणाले वाचता येऊन नाई राह्यलं." पोरगं हसावं की रडावं अशा विचारात जागेवर जाऊन बसे, आणि दुसऱ्या दिवशी तोच निबंध ओळीत बसलेल्या अक्षरात लिहून आणी.

माझ्या वाट्याला हे कौतुक पहिल्याच दिवशी आलं. मी रुजू व्हायला निघालो आणि दारव्ह्याच्या पुढे एसटी बंद पडली. उरलेला रस्ता तुराट्या भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून मी शाळेत पोचलो, तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. व्हरांड्यात एक उंच, काटक बाई उभ्या होत्या. हनुवटीवर गोंदण, खांद्यावर शबनम. त्यांनी माझ्या केसांतला तुरीचा पाला निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "या सर. राष्ट्रगीत थांबवून ठेवणार होतो आमी तुमच्यासाठी, पण पोट्ट्यायच्यानं तेवढा वेळ सावधान राहवत नाई." त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत शाळेत कधी उशिरा गेलो नाही. यात माझ्या वक्तशीरपणाचा भाग अगदीच थोडा.

बाई पुसदकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. आश्रमशाळेत शिकलेल्या, पुढे डी. एड. केलेल्या. लग्न होऊन आल्या त्या बोरीपासून जवळच्याच तांड्यावर. सासरे तिथले कारभारी. म्हणजे तांड्यातलं भांडण असो, सोयरीक असो की हरवलेली शेळी असो, निवाडा त्यांच्या घरापुढे होई आणि तो ते एका मोठ्या सागवानी खुर्चीत बसून देत. खुर्ची भारदस्त होती. रुंद हात, उंच पाठ, हातांच्या टोकाला सिंहाचे पंजे. कोरणाऱ्यानं सिंह पाहिलेला नसावा. पंजे बरेचसे शेळीच्या खुरांकडे झुकले होते. पण त्या काळी हे बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. त्या खुर्चीत सासऱ्यांशिवाय कोणी बसत नसे आणि बाईमाणसांनी तर ती फक्त पुसायची असे.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच बाईंचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. त्याच सुमारास नोकरीचा आदेश आला. सासऱ्यांनी खुर्चीत बसून निवाडा दिला, की कारभाऱ्याच्या घरची सून लोकांच्या पोरांना शिकवायला गावोगाव हिंडणार नाही. बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, "बरं मामाजी" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघून गेल्या. त्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणत, "मी त्यायचं ऐकलंच न सर. त्यायनं सांगतलं तेवढं पुरं ऐकून घेतलं, मंगच निघाली." तांड्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्यांचा पगार सुरू झाला आणि तांड्याला आठवलं, की सून आपलीच आहे. दिवाळीचं आमंत्रण आलं. बाई गेल्या. अंगणात बसून साऱ्यांसाठी करंज्या लाटून आल्या आणि सासऱ्यांच्या पायाही पडल्या. त्या म्हणत, "म्हातारा मनानं वाईट नव्हता. फक्त बसला की वाईट होये."

सासरे थकले, तशी खुर्ची धाकट्या दिराच्या, मानसिंगभाऊंच्या ताब्यात गेली. मानसिंगभाऊ तेव्हा राजकारणात पाऊल टाकत होते. पाऊल ते बऱ्याच ठिकाणी टाकत. ज्या पक्षात जात, त्या पक्षाच्या रंगाचा एक हात खुर्चीवर बसे. कोणकोणते रंग बसले ते मी सांगत नाही; मला अजून निवृत्तिवेतन घ्यायचं आहे. शेवटी ते सरपंच झाले. विजयाच्या भरात कार्यकर्त्यांनी त्यांना खुर्चीसकट खांद्यावर घेतलं, डफड्याच्या तालावर नाचवलं आणि देवळापाशी वळताना खाली टाकलं. मानसिंगभाऊंना खरचटलं. खुर्चीचा मागचा एक पाय मोडला.

त्यानंतर वर्षभरात सासरे गेले आणि वाटणी झाली. नदीकाठचं काळं वावर मानसिंगभाऊंकडे, विहीर मानसिंगभाऊंकडे, घर मानसिंगभाऊंकडे. वहिनींना पगार आहे, त्यांना कशाला चिखलात उतरवायचं, अशी त्यामागे माया होती. पण थोरल्या सुनेचा मान राखला पाहिजे, म्हणून वडिलांची खुर्ची, घराण्याची निशाणी, सर्वानुमते बाईंना देण्यात आली. बाईंनी ती भाड्याच्या ऑटोच्या टपावर बांधून बोरीला आणली. आम्ही सगळे शिक्षक बघायला जमलो. मोडका पाय तारेनं आवळलेला, बसायच्या वेताच्या जागी पोत्याचं तरट, आणि सगळ्या अंगावर रंगांचे पापुद्रे. बाई म्हणाल्या, "पाहून घ्या सर. लोकं खुर्चीसाठी दिल्लीले जाते. मले घरपोच भेटली." त्या हसत होत्या, पण खुर्ची त्यांनी मागच्या पडवीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि ती पुष्कळ वर्षं तशीच राहिली. वर्गात दंगा करणाऱ्या पोरालाही त्यांनी कधी इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभं केलं नव्हतं.

ती बाहेर निघाली ती पारूबाईंमुळे. पारूबाई म्हणजे मानसिंगभाऊंची बायको, बाईंची धाकटी जाऊ. बाजाराच्या दिवशी त्या तांड्याहून बोरीला येत आणि भाजी घेऊन झाली की बाईंकडे टेकत. मी शेजारी राहत असल्यामुळे वर्षानुवर्षं त्यांना पाहत होतो, पण त्यांचा आवाज मी ऐकला असेन तो फार तर "हो" आणि "नाई" इतकाच. दोघी जावा आपसांत गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत. म्हणजे बाई बोलत आणि पारूबाई हसत. आयुष्यभर वावरात निंदण केल्यानं पारूबाईंचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मानसिंगभाऊंच्या अंगणात माणसांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत असे, पण नवऱ्यापुढे, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे पारूबाई खुर्चीवर कशा बसणार? त्या उंबऱ्यावर बसत आणि उठताना चौकटीला धरून स्वतःला वर ओढत.

एकदा बाईंनी बळेच त्यांना आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. उठताना पारूबाईंनी एका हातावर भार दिला, खुर्चीचे पाय फाकले आणि त्या फरशीवर पडल्या. हाड वाचलं. पण त्या उठता उठेनात, आणि कण्हायच्याऐवजी "तुमची खुर्ची मोडली" म्हणून माफी मागत राहिल्या. बाईंनी हाक मारली म्हणून मी धावत गेलो. आम्ही दोघांनी त्यांना धरून खाटेवर बसवलं. बाई त्या दिवशी कोणाचं कौतुक करेनात. संध्याकाळी मी डोकावलो तर पडवीतली खुर्ची अंगणात आली होती आणि बाई चष्मा लावून तिच्याभोवती फिरत होत्या, परीक्षेच्या वर्गात फिरायच्या तशा.

गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खुर्ची ठोकून पाहिली, सागवानाला मान डोलावली आणि एवढ्या लाकडात टीव्हीचं झकास टेबल होईल, असा सल्ला दिला. बाईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, उद्या माहा पाय मोडला तर मी तुमच्याकडं येणार नाई. तुमी माहं स्टूल करसान." मग त्या मोबाइलवर खुर्च्या दुरुस्त करायचे व्हिडिओ पाहू लागल्या. त्यात एक गोरा गृहस्थ निरनिराळी मशिनं लावून खुर्ची चकाचक करी. बाईंनी तीन-चार दिवस पाहून मोबाइल ठेवून दिला. "त्याच्यापाशी एवढी मशिनं हायेत सर, तेवढ्यात तर आपला रस्ता होऊन जाईन. अन् तो माणूस शेवटी त्या खुर्चीवर बसतच नाई. नुस्ता पाहते."

तेव्हा काम घरीच करायचं ठरलं. मला त्यांनी मदतीला विचारलं असं म्हणता येणार नाही. "सर, रिटायर झाल्यापासून तुमी कुंपणावरून लय चांगलं पाहता. आत येऊन पाहा," असं म्हणाल्या. मी गेलो.

आधी रंग उतरवला. फुटक्या काचेच्या धारेनं पापुद्रे खरवडायचे, मग जाड पॉलिश पेपरनं घासायचं. एकेक रंग निघे, तसतसा मानसिंगभाऊंचा एकेक पक्ष जमिनीवर पडे. बाई झाडूनं तो गोळा करत आणि म्हणत, "कचरा ओला का सुका, कायमध्ये टाकू?" सगळ्यात खाली लाकूड लागलं तेव्हा मात्र त्यांनी झाडू ठेवून दिला. मधासारखा रंग होता आणि काळ्या रेघा लाटांसारख्या गेल्या होत्या. हातांच्या टोकांवर, त्या शेळीच्या खुरांपाशी, म्हाताऱ्याच्या बोटांनी झिजून खळगे पडले होते. बाईंनी त्यांत आपली बोटं ठेवून पाहिली. त्यांची बोटं तिथे बरोबर बसली, पण त्यांनी ती लगेच काढून घेतली.

मग सांधे. खुर्ची हलत होती, कारण वेळोवेळी कोणीतरी खिळे ठोकून तिला गप्प केलं होतं. बाई म्हणाल्या, खिळ्यानं सांधा धरत नाही, फक्त लाकूड फाटतं. मानसिंगभाऊंच्या युत्याही अशाच. आम्ही खिळे उपसले, सांधे मोकळे केले, जुना वाळलेला सरस पटाशीनं खरवडला आणि ताजा सरस लावून, ढिल्या जागी पाचरी मारून सगळं पुन्हा बसवलं. मोडका पाय तिरपा चिरला होता, म्हणून नशीब. दोन्ही तुकडे सरसानं जोडले, आरपार लाकडी खुंटी घातली आणि सुती दोर गुंडाळून, त्यात काडी अडकवून पिळत पिळत आवळला. वाळल्यावर खुर्ची उभी केली तर किंचित डुगडुगत होती. मी गणिताचा शिक्षक. कोणता पाय किती कापला म्हणजे चारही टेकतील, याचं गणित मांडायला बसलो. बाईंनी माझ्या हातून करवत काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या सर. तुमचं उत्तर निघेपर्यंत हिचा पाट होईन." त्यांनी आखूड पायाखाली पातळ चकती चिकटवली आणि खुर्ची ठाम उभी राहिली.

बसायची जागा विणायला वेत मिळेना. तेव्हा बाईंनी जाड सुती दोरी आणली आणि बाजारच्या दिवशी ती पारूबाईंच्या पुढे ठेवली. पारूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला असला तरी बोटं शाबूत होती. काचा-कवड्यांचं भरतकाम त्यांच्यासारखं तांड्यात कोणाचं नव्हतं. खुर्ची कोणासाठी, हे त्यांना सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून सरांसाठी असं म्हटलं होतं. पारूबाईंनी खाटेवर बसून, बैठकीची सुटी चौकट मांडीवर घेऊन, ओढून ओढून असं काही घट्ट विणलं की वर रुपया टाकला तर उडावा. चार कोपऱ्यांत त्यांनी आपण होऊन लाल दोऱ्याची नक्षीही घातली. मला त्या लाल नक्षीवर बसायच्या कल्पनेनंच संकोच वाटला.

पॉलिशसाठी चपडी लाख आणि स्पिरिट हवं होतं. बाई स्वतः दुकानात गेल्या. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. निवृत्त बाई स्पिरिट मागताहेत म्हटल्यावर तो जरा चाचरला. बाईंनी त्याची अडचण ओळखली. म्हणाल्या, "मले नाई रे बाप्पा, खुर्चीले पाजायची हाय. राजकारणात होती न, तिले सवय हाय." लाख स्पिरिटमध्ये विरघळली, की चिंध्यांच्या पुरचुंडीनं हलक्या हातानं गोल गोल फिरवायची, वाळू द्यायची, बारीक पेपर मारायचा, पुन्हा फिरवायची. हे काम बाईंनी मला करू दिलं नाही. पडवीत बसून त्या सकाळभर पुरचुंडी फिरवत. खुर्ची उजळत गेली. आणि ती उजळल्याची बातमी तांड्यावर पोचली.

एका बाजाराच्या दिवशी पारूबाई येऊन बसल्या होत्या. खाटेवर बाईंनी वाळवण घातलं होतं, म्हणून त्या फरशीवर भिंतीला टेकल्या होत्या. बाईंनी खुर्ची आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि तुझ्यासाठीच केली आहे, बस, असं सांगितलं. पारूबाईंचा चेहरा उतरला. मामाजींच्या खुर्चीवर कसं बसायचं, पाप लागेल, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. बाईंनी त्यांचं गोरबोलीत बरंच कौतुक करून पाहिलं. मला अर्धंच कळलं, पण तेवढ्यावरही मला हसू आवरेना. पारूबाई मात्र हसल्या नाहीत. मग बाई बोलायच्या थांबल्या आणि नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. बाईंकडचे शब्द संपलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि मानसिंगभाऊ आले. तांड्यात सभामंडप बांधून झाला होता, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि मंचावर ठेवायला कारभाऱ्यांची खुर्ची पाहिजे होती. ते बोलताना वहिनींना खुर्ची 'सांभाळायला दिली होती' असं म्हणाले. वाटणीचं मराठीत इतकं सुंदर भाषांतर मी आधी ऐकलं नव्हतं.

नवरा दिसताच पारूबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि रीतीप्रमाणे उभं राहायला गेल्या. गुडघे उचलेनात. त्यांनी हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागला तो खुर्चीचा हात. त्यांनी सगळं वजन टाकून स्वतःला ओढलं. खुर्ची तसूभर हलली नाही. त्या कशाबशा वर आल्या, पण उभं राहवेना. कळ आली असावी. डोळे मिटून त्या मागे कलल्या आणि त्या लाल नक्षीवर बसल्या.

मानसिंगभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात बायकोला ऊठ म्हणाले. पारूबाईंनी दोन्ही हात टेकवले. बाईंनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ती नाई उठणार, भाऊजी," बाई म्हणाल्या. आवाजात कौतुक नव्हतं, काहीच नव्हतं. "तुमच्या वावरात वाकून वाकून तिचे गुडघे गेले. मले वावर नोको, विहीर नोको. तिले बसू द्या."

मानसिंगभाऊ उभ्याउभ्याच बसायला जागा शोधू लागले. जागा फरशीवरच्या सतरंजीवरच होती. ते बसले. चहा झाला. सभामंडपाचा विषय पुन्हा निघाला नाही. जायची वेळ झाली, तेव्हा असं दिसून आलं की मानसिंगभाऊंच्यानं सतरंजीवरून उठवत नाही. त्यांचंही वय झालं होतं. मी एका बाजूनं धरलं, बाईंनी दुसऱ्या बाजूनं. तोवर बाईंना सूर सापडला होता. "सावकाश, भाऊजी. तुमाले उचलायची लोकायले सवय हाय, आमाले नाई."

खुर्ची तांड्यावर गेली, पण पारूबाईंबरोबर, त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी. त्या तिच्यावर बसून भाजी निवडतात, शेंगा फोडतात, असं बाई मला दर बाजाराला सांगत. प्रत्येक वेळी अशा सुरात सांगत, की जणू जावेला मंत्रिपद मिळालं आहे.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी अंगण झाडताना पायरीवर टेकल्या, मला हाक मारली, आणि मी पोचेपर्यंत संपलं होतं. मूलबाळ नसल्यानं तांड्यानंच सगळं केलं. सांत्वनाच्या दिवशी मीही गेलो. अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, त्यावर पुरुष बसले होते, आणि मध्ये बाईंचा फोटो. फोटोच्या बाजूला, सगळ्यांच्या समोर, पारूबाई खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर पदर होता, नजर खाली होती.

थोड्या वेळानं गाड्या आल्या. आमदारकीला उभे राहिलेले एक साहेब भेटायला आले होते. सगळे उठले. मानसिंगभाऊ लगबगीनं पारूबाईंपाशी गेले, वाकले आणि खुर्ची साहेबांसाठी मोकळी कर म्हणाले. त्यांनी हळूच सांगितलं होतं, पण अंगण शांत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. पारूबाईंनी मान वर केली. चारचौघांत त्यांचं अख्खं वाक्य मी ऐकलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

"साहेबाचे पाय जमिनीवर हायेत, असं तुमीच भाषणात सांगता," त्या म्हणाल्या. "मंग बसू द्या न त्यायले जमिनीवर."

साहेब सतरंजीवर बसले. मी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला. शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, सर रडताहेत. त्याचं फारसं चुकलं नव्हतं.